तीन मिनिटांचा उशीर

वायरमामांना खरं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर सापडतं. बाकी सगळ्यांना ते वायरमामा. खरे मामा ते एकाच मुलीचे, थोरल्या बहिणीच्या एकुलत्या एक लेकीचे. ती मामा म्हणते म्हणून तिच्या मैत्रिणी म्हणायला लागल्या, मग मैत्रिणींचे भाऊ, आणि आता गेमिंग हॉलचा मालक, जो त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, तोही बिनदिक्कत मामा म्हणतो. मामांना हे मुळीच आवडत नाही. पण त्यांना न आवडणाऱ्या गोष्टींची यादी एवढी लांबलचक आहे की ह्याचा नंबर फार खाली लागतो.

बावन्न वर्षांचा माणूस. बेताची उंची, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा, आणि शर्टाच्या खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ नि काळा मार्कर. हाताला लागेल त्या वायरला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची ही त्यांची खोड. घरी मिक्सरच्या वायरलासुद्धा 'मिक्सर' अशी चिठ्ठी आहे. मामींनी एकदा विचारलं, अहो, मिक्सरमधून निघालेली वायर मिक्सरची नाही तर कुणाची असणार? मामा म्हणाले, तू जेवायला वाढ.

तीस वर्षं त्यांनी लग्नांचं शूटिंग केलं. आधी एक कॅमेरा, मग दोन, पुढे पुढे चार. सगळ्यांच्या वायरी एका व्हिडिओ मिक्सरमध्ये आणायच्या, समोर मामा बसायचे, आणि कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा दाखवायचा हे डोक्याच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचं. हातचलाखीही तेवढीच. एका लग्नात टेप मधेच कोरी निघाली, वीस मिनिटांचे पाहुणे गायब. मामांनी शांतपणे दुसऱ्याच लग्नातले जेवणारे पाहुणे तिथे चिकटवले आणि वर संगीत सोडलं. त्या जोडप्याची मुलं आता कॉलेजात जातात, पण आपल्या लग्नात जेवताना दिसणाऱ्यांत आपला एकही नातेवाईक नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मामा ही गोष्ट रंगवून रंगवून सांगायचे. लाज वगैरे काही नाही, उलट छाती फुगवून.

मग जो तो खिशात कॅमेरा घेऊन फिरायला लागला आणि मामा घरी बसले. दोन वर्षं नुसते बसले. मामींच्या डोक्याचा पार भुगा केला. त्यातून त्यांना बाहेर काढलं ते भाचीने.

भाचीला मुंगी हे नाव मामांनीच ठेवलेलं. लहानपणी आपल्यापेक्षा मोठी वस्तू दिसली की ती उचलायला जायची, मग ती खुर्ची असो की पाण्याने भरलेली बादली. मोठी झाल्यावर कॉम्प्युटरवर खेळायला लागली तेव्हा तिने तेच नाव घेतलं, आणि आता पडद्यावर 'मुंगी' अशी अक्षरं दिसली की समोरची पोरं दबकून चालतात. खेळ असा, की पाच विरुद्ध पाच. एक बाजू जागा राखते, दुसरी हल्ला करते. भिंती आहेत, बोळ आहेत, जिने आहेत, आणि कोण कुठे दबा धरून बसलंय ते समोरच्याला माहीत नसतं. ते जर कळलं तर खेळायलाच नको.

तर ही मुंगी एक दिवस रडगाणं घेऊन आली. हॉलवाल्यांना सामने लोकांना थेट दाखवायचे होते. पण ज्या कॉम्प्युटरवर खेळायचं त्याच्यावरूनच प्रक्षेपण करायला गेलं की खेळ अडखळायचा, ऐन मोक्याला चित्र गोठायचं आणि भांडणं लागायची. मामांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे दहा कॅमेरे आणि एक मिक्सर. एवढंच ना?

एवढंच नव्हतं, शिकायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत मामांनी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आयुष्यात घातल्या नव्हत्या. पण मूळ गोष्ट तीच होती. दहा कॉम्प्युटरांनी फक्त खेळायचं आणि आपलं चित्र वायरीतून कोपऱ्यातल्या एका मशीनकडे ढकलायचं. जड काम सगळं त्या मशीनचं. दहा चित्रं गोळा करायची, त्यातलं एक निवडायचं, वर गुणफलक लावायचा, आवाज जोडायचा आणि इंटरनेटवर सोडून द्यायचं. मशीनच्या पडद्यावर दहा छोटे चौकोन, आणि मामांची बोटं की-बोर्डच्या आकड्यांवर. तीन दाबलं की तीन नंबरचा खेळाडू जगाला दिसणार. मामा पुन्हा माणसात आले.

ह्यात एक मेख आहे. मामा दाखवतात ते सगळं जग पाहतं. म्हणजे एखाद्या खेळाडूचा हितचिंतक बाहेर बसून बघू शकतो की समोरचा कुठल्या जिन्याखाली लपलाय, आणि त्याने नुसता हात हलवला तरी काम झालं. म्हणून चित्र तीन मिनिटं मशीनमध्ये अडवून ठेवायचं आणि मग सोडायचं. तीन मिनिटांत लपलेला माणूस दुसरीकडे गेलेला असतो, नाहीतर बाद झालेला असतो. ह्याला हॉलमध्ये सगळे 'उशीर' म्हणतात. सामना संपला की निकालाच्या कागदावर दोन्ही कप्तान सही करतात, मग पंच, आणि सगळ्यात शेवटी मशीनवरचा माणूस, की उशीर पूर्ण वेळ चालू होता. ती शेवटची सही नसेल तर निकाल नाही.

आता मुंगीच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांचं चष्म्याचं दुकान. सरळ माणूस, बोलणं मोजकं. मुंगीने चष्म्याचा कोर्स अर्ध्यात सोडला तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही, एक वर्ष दिलं. वर्षात खेळाचं काही झालं तर ठीक, नाहीतर दुकानात उभं राहायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. त्या बोलण्यात मामा मध्ये पडले होते. पोरगी करून दाखवेल, मी आहे ना, असा शब्द देऊन बसले होते.

वर्ष संपायला नऊ दिवस उरले होते आणि त्या रविवारी दुपारी दोनला अंतिम सामना होता. जिंकणाऱ्या संघाला एक मोठा क्लब वर्षभरासाठी घेणार होता. राहणं, सराव, प्रशिक्षक, सगळं त्यांचं. हरणाऱ्यांना टाळ्या.

हॉल म्हणजे टायरच्या दुकानावरचा लांबट मजला. मधोमध दोन ओळींत पाच-पाच कॉम्प्युटर, खेळाडू समोरासमोर. मुंगीच्या संघाचं तोंड काचेच्या दाराकडे, दुसऱ्या संघाची दाराकडे पाठ. दारापलीकडे बाहेरची खोली, तिथे नातेवाईक, राखीव खेळाडू, दोन्ही प्रशिक्षक आणि भिंतीवर टीव्ही, ज्यावर मामांनी सोडलेलं चित्र दिसायचं. आत येताना फोन पंचांच्या टोपलीत टाकायचे. बाहेर कुणावर काही बंधन नाही, आणि काचेतून हात हलवलेला स्वच्छ दिसतो.

मुंगीचा मामा मशीनवर बसणार, तुम्हाला चालेल का, असं पंचांनी दुसऱ्या संघाच्या कप्तानाला आधीच विचारलं होतं. कप्तान एक दाढीवाला मुलगा. तो म्हणाला होता, वायरमामा असतील तर विचारताय कशाला? हे मामांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं की त्या दिवशी ते मामींवर एकदाही ओरडले नाहीत.

तीन खेळांचा सामना, दोन जिंकेल तो जिंकला. पहिला खेळ मुंगीचा संघ हरला, दुसरा जिंकला. आणि तिसऱ्याच्या आधीच्या सुट्टीत सात नंबरचा चौकोन गोठला.

मामांनी सातची वायर काढली, फुंकली, परत लावली. काही नाही. मग सगळा प्रोग्रामच गोठला. सुट्टीची चार मिनिटं उरली होती. मामांनी तो जबरदस्तीने बंद केला, पुन्हा उघडला, दहाच्या दहा चौकोन जिवंत झाले, आणि त्यांनी घाम पुसला. इथेच घात झाला.

मशीनमध्ये मामांनी दोन मांडण्या करून ठेवल्या होत्या. एक 'सराव', तिच्यात उशीर शून्य, कारण सकाळी वायरी तपासताना दर वेळी तीन-तीन मिनिटं कोण थांबणार. दुसरी 'सामना', तिच्यात तीन मिनिटं. घाईत बोट चुकायला नको म्हणून त्यांनी दोन्ही मुद्दाम हुबेहूब सारख्या ठेवल्या होत्या, तेच चौकोन, तेच रंग, तेच आकडे. फरक फक्त वरच्या पट्टीतल्या बारीक नावात. आणि प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला की तो शेवटची नीट बंद झालेली मांडणी उघडतो. ती होती सकाळची. जगातल्या प्रत्येक वायरला चिठ्ठी लावणाऱ्या माणसाने वरच्या पट्टीकडे बघितलं नाही.

तिसरा खेळ सुरू झाला. एका खेळात आधी तेरा डाव जिंकायचे, आणि बारा डाव झाले की बाजू बदलायच्या, म्हणजे राखणाऱ्यांनी हल्ला करायचा, खुर्च्या त्याच. मुंगीचा संघ सुटलाच. दोन, तीन, पाच, सात. मामांची बोटं आकड्यांवर पळत होती. मामा म्हणून त्यांना नाचावंसं वाटत होतं आणि मशीनवरचा माणूस म्हणून तोंड मख्ख ठेवावं लागत होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा पोट दुखत असल्यासारखा झाला होता.

अकराव्या डावात मुंगी एकटी उरली आणि समोर तिघं. मामांनी चार नंबर दाबला, म्हणजे मुंगीचा चौकोन. तिने जिन्यावरून एकाला टिपलं, मागे वळून दुसऱ्याला, आणि तिसरा बोळातून बाहेर यायच्या आधीच तिचा नेम तिथे लागलेला होता. डाव संपला. मामांनी श्वास सोडला आणि सहज डावीकडे बघितलं, जिथे प्रेक्षकांचे निरोप एकाखाली एक सरकत असतात.

निरोपांचा पूर आला होता. मुंगी, मुंगी, मुंगी. तिघांना एकटीने. काय पोरगी आहे.

मामांनी निरोप पुन्हा वाचले. हे निरोप तीन मिनिटांनी यायला हवे होते. आत्ता ह्या क्षणी प्रेक्षकांना आठवा नाहीतर नववा डाव दिसायला हवा होता. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वरची पट्टी वाचली. 'सराव.'

तिसरा खेळ पहिल्यापासून उघडा चालला होता. बाहेरच्या टीव्हीवर, प्रत्येकाच्या फोनवर, जे घडतंय ते त्याच क्षणी. आणि काचेच्या दाराकडे तोंड कुणाचं, तर मुंगीच्या संघाचं. गुण होते आठ-तीन.

मशीनशेजारी एक लाल पाटी ठेवलेली असते. काही बिघडलं तर मामांनी ती वर करायची, पंच खेळ थांबवतात. मामांनी पाटीकडे बघितलं. हात उचलला असता तर पोचला असता, एवढ्याच अंतरावर होती. तेवढ्यात बारावा डाव सुरू झाला, आणि मामांनी स्वतःला सांगितलं की हा डाव होऊ दे. तो डाव मुंगीचा संघ जिंकला. नऊ-तीन. मग बाजू बदलायची पाच मिनिटांची सुट्टी झाली, आणि सुट्टीत पाटी कशाला वर करायची, असंही त्यांनी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो ह्याला काही सुमार नाही.

उशीर गुपचूप परत लावता येत नाही. मांडणी बदलली की मशीनला आधी तीन मिनिटांचं चित्र साठवावं लागतं, आणि तेवढा वेळ बाहेर काहीच जात नाही. भर खेळात असं भगदाड पडलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण सुट्टीत? मामांनी 'थोड्याच वेळात' अशी पाटी पडद्यावर टाकली, 'सामना' उघडली आणि घड्याळाकडे बघत बसले. खेळाडू पाणी प्यायला बाहेर गेले, परत आले. तीन मिनिटांनी चित्र वाहायला लागलं. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या लग्नातले पाहुणे बेमालूम चिकटवले गेले होते.

पुढचे डाव मामांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. बोटं काम करत होती, पण डोक्यात एकच किडा. मुंगीने दाराकडे बघितलं असेल का? चौकोनात फक्त खेळ दिसतो, खेळणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तो तिसरा पोरगा बोळातून यायच्या आधीच तिचा नेम तिथे कसा लागलेला होता? ती हुशार आहे म्हणून? की कुणी हात हलवला म्हणून? हिला अंगाखांद्यावर खेळवलं, हिच्याबद्दल असं मनात येतंच कसं, म्हणून त्यांना स्वतःची किळस आली. तरी येत राहिलं.

आणि उशीर लागल्यापासून मुंगीचा संघ धडाधड हरायला लागला. नऊ-तीनचे नऊ-सहा, दहा-आठ, अकरा-दहा. मुंगी सोपे नेम चुकत होती. दर चुकीला मामांचा संशय आणि मामांचा जीव एकदमच वर यायचा. शेवटी कसंबसं, कोण कुणाच्या अंगावर पडलं ते न कळता, तेरा-अकरा झालं. मुंगीचा संघ जिंकला.

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. तीन मिनिटांनी बाहेर तोच कल्ला झाला. ताई, म्हणजे मामांची बहीण, काचेला दोन्ही हात लावून रडत होती, आणि रडता रडताच तिने दुकानात नवऱ्याला फोन लावला. पंचांनी कागद टेबलावर ठेवला. पहिली सही मुंगीने केली, तिच्या संघाची कप्तान तीच, मान वर न करता, भराभर. मग दाढीवाला आला. त्याचे डोळे लाल होते. त्याने सही केली, मामांकडे वळून मान लववली आणि बाजूला झाला. पंचांनी केली. मग पेन मामांच्या हातात आलं.

कागदावर छापलेलं होतं, 'प्रक्षेपणाचा उशीर पूर्ण वेळ चालू होता.' मामांनी ते दोनदा वाचलं. कुणालाही कळणार नव्हतं. कळायला इथे दुसरं कुणी हे मशीन जाणतच नव्हतं. त्यांनी पेनचं टोक कागदाला लावलंसुद्धा, आणि मग तो दाढीवाला दिसला, आपली बॅग भरत असलेला. त्याने बॅग भरताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. मामांनी पेन खाली ठेवलं.

"मला सही करता येणार नाही," ते पंचांना म्हणाले. "तिसऱ्या खेळाचे पहिले बारा डाव उशीर बंद होता. चूक माझी."

पंचांना आधी वाटलं, मामा थट्टा करताहेत. मग त्यांनी मामांचा चेहरा बघितला. त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मामांनी खरं सांगितलं, अकराव्या डावानंतर.

"मग थांबवलं का नाही?"

"माझी भाची पुढे होती," मामा म्हणाले.

खालच्या दुकानात टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज हॉलभर ऐकू आला. मुंगीच्या संघातल्या एकाने हेडफोन टेबलावर आपटला. दुसरा मामांना काहीबाही बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुंगी खुर्चीत बसून होती, हात मांडीवर, आणि मामांकडे बघत नव्हती. पंचांनी नियमाचं पुस्तक काढलं, पण त्याची गरज नव्हती. तिसरा खेळ रद्द, अर्ध्या तासाने पुन्हा.

मामा म्हणाले, दुसऱ्या कुणाला बसवा. दुसरा कोण होता? पंच म्हणाले, तुम्हीच बसा, ह्या वेळी मी मागे उभा राहतो. तीस वर्षांत मामांच्या मागे कुणी राखण करायला उभं राहिलं नव्हतं. वरची पट्टी त्यांनी पंचांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि पंचांचा श्वास मानेवर घेत सगळा खेळ दाखवला. मुंगी चांगली खेळली. समोरचे जास्त चांगले खेळले. तेरा-दहा, दाढीवाल्याच्या बाजूने. ह्या वेळी मामांची सही सगळ्यात आधी झाली असती तरी चाललं असतं, पण ती शेवटीच झाली.

हॉल रिकामा होत गेला. ताई दाराशी आली. तिला आता नवऱ्याला दुसरा फोन करायचा होता. ती भावाकडे बघत म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं का?" उत्तराची वाट न बघता ती जिना उतरून गेली. लहानपणी मामांनी फोडलेल्या प्रत्येक वस्तूचा आळ जिने स्वतःवर घेतला, तीच ही ताई.

खिडकीतून अजून ऊन येत होतं. मामा जमिनीवर बसून वायरी गुंडाळायला लागले. थोड्या वेळाने समोर कुणीतरी बसलं आणि दुसरी वायर उचलली. मुंगी. मामांनी मनात सगळी तयारी केली होती. ती ओरडली तर ऐकून घ्यायचं, रडली तर गप्प राहायचं. ती दोन्ही करेना. वायरीचे कोपरावर नीट वेढे घेत होती, त्यांनीच शिकवले होते तसे.

मामांना राहवलं नाही. त्यांनी विचारलंच, पहिल्या बारा डावांत तू दाराकडे बघितलंस का.

"नाही," मुंगी म्हणाली. "ते बाराही डाव मी नीट खेळले, मामा. ते नऊ आमचे होते."

ह्याचा अर्थ मामांना हळूहळू कळला. म्हणजे पोरीने खरोखर मिळवलेलं त्यांच्या एका न वाचलेल्या पट्टीने मातीत घातलं होतं. त्यांना वाटलं, ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, मला माफ कर. मुंगी वायर गुंडाळत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

तिने सांगितलं. सुट्टीत पाणी प्यायला ती बाहेर गेली. एरवी खेळाडू बाहेर आले की टीव्हीवर तीन मिनिटं मागचाच डाव चाललेला असतो, आणि बाहेरचे सगळे ओरडतात, निकाल सांगू नका, सांगू नका. आई तर कानांवर हात ठेवते. पण ह्या वेळी दार उघडल्या उघडल्या आईने तिला मिठी मारली. नऊ-तीन म्हणाली. तिघांना एकटीने मारलंस म्हणाली. मुंगीने मान वर करून टीव्हीकडे बघितलं, तर मामांची 'थोड्याच वेळात'ची पाटी. ह्या मशीनशेजारी बसून चार महिने तुझ्या शिव्या ऐकल्यात मी, ती म्हणाली, मला कळायला किती वेळ लागणार?

"मग आत आले," ती म्हणाली, "आणि हात थरथरायला लागले ते थांबेचनात. एकही नेम लागेना. तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, मामा आता पाटी वर करेल, आता करेल. तू नाही केलीस. मग मला वाटलं, मामा माझ्यासाठी गप्प बसलाय. मग मीही गप्प बसले. कागद आला तेव्हा पहिली सही मीच केली."

मामांच्या हातातली वायर सुटली. पेन ठेवताना आपण हिच्याकडून काय काढून घेतोय एवढाच विचार त्यांनी केला होता. आपण गप्प राहून हिला काय शिकवलं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांना रडू आलं आणि चष्मा काढायचंही सुचलं नाही.

"मी सही केली असती तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी कुणालाच सांगितलं नसतं. तुलासुद्धा नाही."

तिने उरलेल्या वायरी खोक्यात भरल्या, खोकं उचललं आणि म्हणाली, चल, बाबा वाट बघत असतील, दुकानाचं काय ते आजच बोलून टाकते. आणि माहीत असून सही केली, तेही सांगते.

मामा एकदम उठले. ते कशाला, ते म्हणाले. हरलो म्हण, विषय संपला. दुकानात तर तू जाणारच आहेस, वरून बापाच्या मनातून कशाला उतरतेस? सहीचं तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही, कधी कळणारही नाही.

मुंगी दारात थांबली. खोकं जड होतं, तरी ती थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली, मामांना आपण काय बोललो ते कळेपर्यंत.

"तू येतोस का बरोबर," तिने विचारलं, "की मी एकटी जाऊ?"

मामांनी डोळे पुसले, मशीन बंद केलं आणि तिच्या मागोमाग जिना उतरले.